लागन नावाची थैली

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली आहे. ब्लाउज शिवणारी दर वेळी माप घेताना थांबते, टेप पुन्हा लावते आणि म्हणते, "काकू, सरळ उभ्या राहा ना." मी सरळच उभी असते. तिला काय सांगत बसू? सांगायला लागले तर तिचं शिवणं राहील आणि माझं बोलणं काही संपायचं नाही. म्हणून मी म्हणते, "तू शिव बाई. जसं बसन तसं बसू दे." पण आता लिहायलाच बसले आहे, तर खांद्यापासूनच सुरू करते.

माझं माहेर नाचणगावचं. पुलगाव अगदी लागून. गिरणीचा भोंगा झाला की आमच्या घरी चहाचं आधण ठेवायचं. सुई मोडली, आगपेटी संपली, चपलेचा अंगठा तुटला, काहीही झालं तरी गल्लीतलं कोणी ना कोणी पुलगावला निघालेलंच असे, त्याला सांगायचं. त्यामुळे घराबाहेर पडताना काही बरोबर घेऊन निघायचं असतं हे मला ठाऊकच नव्हतं. फार तर रुमाल. तोही लग्नाकार्याला.

सासर मिळालं कारंजा घाडगेकडचं. ट्रकांचा मोठा रस्ता सोडून आत, बैलगाडीच्या वाटेनं. सत्तर सालानंतरची गोष्ट ही, एक-दोन वर्षं इकडेतिकडे. गावाला लागून आमचं थोडंसं वावर होतं. मोठं वावर मात्र दूर, टेकाडाच्या पलीकडे. तिकडे विहीर नाही. नाला होता, तो होळी आली की कोरडा. धुऱ्यावर एक मोहाचं झाड, दोन-चार बाभळी, आणि बाकी मग ऊन. आमच्याकडचं ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला काय सांगावं! आणि ज्यानं पाहिलं त्याला सांगायची गरज नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा त्या वावरात जायचं होतं. घरात सासू, म्हणजे आमच्या आत्याबाई, माझे मालक आणि धाकटे दीर. सासरे माझ्या लग्नाच्या आधीच गेलेले. सकाळी भाऊजी गाडीला बैल जुंपत होते आणि आत्याबाई दारातून ओरडल्या, "लागन घेतली काय वो?"

आता आमच्या नाचणगावच्या बायका लग्नाला लगन म्हणत. मला वाटलं, या लगनाच्या लुगड्याचंच विचारतात. नव्या सुनेनं पहिल्यांदा वावरात जाताना लग्नाचं लुगडं नेसून वावराची पूजा करायची, असं काही यांच्याकडे असेल. विचारायची लाज वाटली. गुपचूप आत गेले, पेटी उघडली, लग्नातला हिरवा शालू नेसले आणि डोक्यावर पदर घेऊन अंगणात येऊन उभी राहिले.

भाऊजींच्या हातातलं बैलाच्या गळ्यात बांधायचं जोतं खाली पडलं. "आई, पाह्य तं! हे वावरात चालली का वरातीत?"

"हे काय वो माय?" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला.

"तुम्हीच म्हणलं ना, लगनाचं घे म्हून."

"लगन नाई, लागन! थे पाह्य, खुटीवर टांगली आहे. बदलून ये पहिले. अन् थैली घेऊन ये."

भाऊजी हसत हसत गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले. पुढे किती तरी वर्षं मी कुठंही निघाले की ते विचारायचे, "वयनी, लागन का लगन?" आत्याबाई मात्र त्या दिवशी हसल्या नाहीत.

खुंटीवरची ती थैली ट्रकच्या ताडपत्रीची होती. फाटकी ताडपत्री कुठल्या तरी ढाब्यावरून आणून आत्याबाईंनी स्वतः दाभणानं शिवलेली. बैलाच्या जुन्या जोत्याचा पट्टा तिला लावलेला. आत काय नव्हतं ते विचारा. सुई-दोरा होता, दाभण आणि सुतळीचा गुंडा होता, काट्यांचा चिमटा होता, हळदीची पुडी, मेणकापडात गुंडाळलेली आगपेटी, गूळ, मीठ, कांदे, एक विळा, एक दोर, जुन्या धोतराच्या घडी केलेल्या पट्ट्या. उन्हाळ्यात वरून पन्ह्याची बाटली. आणि बाहेरच्या बाजूनं, वेगळी बांधलेली, पाण्याची छागल. जाड कापडाची पाणी भरायची पिशवी असते ना, ट्रकवाले पुढे लटकवतात, ती. कापड ओलं राहतं आणि वारा लागला की आतलं पाणी गार होतं.

लागन म्हणजे लागेल. आमच्याकडे तसंच म्हणतात, येईन, जाईन, करन, लागन. कोणी म्हटलं की हे कशाला घेता, तर आत्याबाई म्हणायच्या, "लागन ना." असं म्हणत म्हणत थैलीचंच नाव लागन पडलं. मी एकदा विचारलं, "आत्याबाई, एवढं सारं लागते काय?" तर म्हणाल्या, "तहान लागन, भूक लागन, ठेच लागन, ऊन लागन. कोणाले काय लागन थे का सांगून येते?"

तेव्हा मला ते नुसतं म्हातारीचं बोलणं वाटलं. पुढे निंदायला येणाऱ्या एका बाईनं मला मोहाखाली जेवताना सांगितलं. सासरे एकटेच या वावरात वखर घेऊन आले होते. पाणी मडक्यात. बैलाचा पाय लागून मडकं फुटलं. वखराचं एवढं तास संपवतो मग घरी जातो म्हणाले असतील, नाही तर काय म्हणाले असतील, देव जाणे. बरोबर कोणी नव्हतं. बैल रिकामे घरी आले तेव्हा लोक धावले. ऊन लागलं होतं. ती बाई सांगत होती आणि मी ज्या मोहाखाली बसून भाकर खात होते, त्याच मोहाकडे तिनं बोट केलं. हातातली भाकर मी तशीच फडक्यात बांधून ठेवली. त्या दिवसानंतर मी थैलीबद्दल कधी कुरकूर केली नाही. आत्याबाईंनी मात्र ही गोष्ट मला कधीच सांगितली नाही. त्या फक्त रोज सकाळी विचारायच्या, "लागन घेतली काय वो?"

आणि मी घ्यायची. डाव्या खांद्यावर, कारण उजव्या हाताला काम असायचं. डोक्यावर भाकरीचं टोपलं, काखेत कधी लेकरू, खांद्यावर लागन. गाडी रोज कुठली मिळायला! बहुतेक चालतच जायचं. माणसं पुढे, रिकाम्या हातानं, बिडी ओढत, गप्पा मारत. त्यांचं काही चुकत होतं असंही मला वाटलं नाही कधी. थैली घरात एकच होती आणि एकच माणूस ती धरायचं. आधी आत्याबाई धरत होत्या, आता मी.

पण थैलीची एक गंमत असते, ती उचलणाऱ्यालाच कळते. तुमच्याकडे आहे हे एकदा लोकांना समजलं की ते आपलं आणायचं बंद करतात. कापूस वेचायला येणाऱ्या बाया आधी घरून मीठ-मिरची आणत. मग त्यांनी मीठ आणणं सोडलं. "अवं, तिची लागन आहे ना." कोणाच्या पायात काटा, या इकडे. कोणाच्या चपलेचा पट्टा, या इकडे. भाऊजींचं लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली. मोठी हसरी, कामाला वाघीण, पण तिनं कधी पदराला सुई म्हणून टोचली नाही. "बाई आहेत ना," म्हणायची. आणि प्रत्येक जण येताना आपलंही काही तरी थैलीत टाकायचा. मालकांची तंबाखूची डबी, भाऊजींची बॅटरी, जावेचा आरसा. "ठेव जरा, तुह्याजवळ आहेच ना थैली." सगळ्यांचं 'जरा' एका खांद्यावर.

एकदा आम्ही दोघी जावा कारंज्याच्या बाजाराला चाललो होतो. मोठ्या रस्त्यावर एक ट्रक उभा, वरची ताडपत्री फाटून फडफड करत होती. सरदारजी ड्रायव्हर खाली उतरून हात हलवत म्हणाला, "बहनजी, सुई-धागा होगा क्या?"

मी थांबले, दाभण काढलं, सुतळी काढली. त्यानं शिवता शिवता माझ्या थैलीकडे पाहिलं, हात लावून पाहिला आणि म्हणाला, "अरे, ये तो हमारे ही ट्रक का कपड़ा है!"

जाऊ पदर तोंडात कोंबून हसत होती. पुढे गेल्यावर म्हणाली, "बाई, आता ट्रकवालेही तुमच्याच भरोशावर."

"हास," मी म्हटलं. "तुह्या बापाचं काय जाते!" पण त्या दिवशी परत येताना मला प्रथमच वाटलं की एकदा, फक्त एकदा, या वाटेवरून मोकळ्या हातानं चालून पाहावं. पाहुण्यासारखं. दोन्ही हात हलवत.

असं वाटून वर्षं गेली. बाकी सगळं बदललं, गावात वीज आली, घरात रेडिओ आला. लागन तीच. फाटली की ठिगळ, ठिगळावर ठिगळ. मग एका वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत वेणी घालायला डावा हात वर जाईना. कानापर्यंत जायचा, पुढे नाही. आधी वाटलं वात असेल. तेल लावलं, शेक घेतला, निंबाचा पाला बांधला. होता होता हात छातीच्या वर जाईना. लुगड्याचा पदर खांद्यावर टाकायचा तर दुसऱ्या हातानं. रात्री कूस बदलली की जीव जायचा. थकवा असा, की सकाळी उठतानाच संध्याकाळ झाल्यासारखं वाटे.

शेवटी मालक मला कारंज्याला घेऊन गेले. तिथं नवीन डॉक्टर आला होता, पुण्याकडचा, तरुण, बोलायला गोड. मालक बाहेर बिडी ओढत थांबले.

"काही जड उचलता का तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"जड असं नाई जी. लागन आहे ना, तिच्यानं झालं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "लागण? कशाची लागण?"

"कशाची म्हणजे... साऱ्याचीच."

"केव्हा झाली?"

"लगन झाल्याबरोबर. आंधी सासूले होती, मंग तिनं मले देल्ली."

डॉक्टर जरा मागे सरकले. "घरात आणखी कुणाला आहे?"

"नाई जी. घरात एकीलेच राह्यते."

त्यांनी मालकांना हाक मारली. मालक आत आले, काय झालं ते ऐकलं आणि खुर्चीला धरून हसले. मग थैली काय, लागन म्हणजे काय, सगळं सांगितलं. डॉक्टरही हसले. पण हात तपासल्यावर हसायचे थांबले. म्हणाले, खांदा आखडत चालला आहे. याच्यावर वजन बंद. अगदी बंद. नाही तर हा हात असाच राहील, कामाचा होणार नाही पुन्हा. रोज भिंतीला बोटं लावून हळूहळू वर न्या म्हणाले.

वाटभर मालक बिडी ओढत चालले होते. विचार करत होते बिचारे. मग म्हणाले, "मंग उजव्या खांद्यावर घेजो."

  वाईट नव्हता तो माणूस. त्याला खरोखर वाटलं होतं की उपाय सापडला. शेतकऱ्याच्या घरच्या बाईचा एक हात गेला तर तिनं जगायचं कसं, हे माझ्या डोक्यात. आणि उद्या लागन कोण नेणार, हे त्याच्या.

घरी आले. आत्याबाई आता थकल्या होत्या, वावरात येत नव्हत्या, दिसायलाही कमी आलं होतं. त्यांच्याजवळ बसून सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात हातात घेतला, चाचपून चाचपून खांद्यापर्यंत नेला. मग आपला डावा खांदा मला दाखवला. पदर बाजूला करून. तोही खाली होता. इतकी वर्षं एका घरात राहून मी तो पाहिला नव्हता. "मले वाटलं वयानं आहे," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या वेळी त्यांनी खुंटीवरून थैली काढून आणली आणि अंगणात बसून सगळी जमिनीवर रिकामी केली. "या इकडे सारे," म्हणाल्या. "ज्याचं त्यानं उचला."

"हातात दे ना मंग," भाऊजी म्हणाले.

"मीठ अन् सुई हातात देत असते काय बे? भांडणं लागतात. जमिनीवरूनच उचला."

आमच्याकडे ते खरंच पाळतात. मीठ हातावर द्यायचं नाही, सुई हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि दुसऱ्यानं उचलायची. त्या दिवशी म्हातारीनं सगळ्याच वस्तूंना तो नियम लावला. आणि गंमत सांगते, मोठी माणसं उभीच. कोणी वाकेना.

"छागल तू घे," त्या भाऊजींना म्हणाल्या.

"मी का ट्रक आहो, छागल लटकवाले?"

"ट्रक नाई तं बैल आहे. घे!"

भाऊजी वाकले. मग मालक वाकले. दोर, विळा, आगपेटी त्यांनी घेतली. सुई-दोरा उचलून टोपीत खोचला. जावेकडे कांदे, गूळ, मीठ, हळद, पट्ट्या आणि पन्ह्याची बाटली.

"आत्याबाई, मले पन्हं देता, मी वाटेतच पिऊन टाकीन."

"पेजो. मंग दुपारी नवऱ्याचं तोंड पाहून तहान भागवजो."

रिकामी थैली त्यांनी पुन्हा खुंटीला टांगली. मी मोकळ्या हातानं निघाले. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेली गोष्ट होती ती, पण खरं सांगू? काही सुख झालं नाही. हातांना कळेना कुठं राहायचं. आणि डोळे सारखे भिरभिर. भाऊजींनी छागल भरली का? जावेनं बाटलीचं बूच घट्ट लावलं का? यांची आगपेटी कुठल्या खिशात? थैली खांद्यावरून उतरली, डोक्यातून उतरायला तयार नव्हती. खांदा दुखायचा तसाच दुखत होता. रोज भिंतीला बोटं लावायची, रोज थोडं वर. डॉक्टर म्हणाले होते, वेळ लागेल. वेळही लागतोच म्हणा!

असं करता करता उन्हाळा भरात आला. वैशाखात मोठ्या वावरात आम्ही धसकटं वेचत होतो. मागच्या पिकाची खुंटं, ती वेचून ढीग करायचे आणि जाळायचे. जमीन तव्यासारखी. सकाळी लवकर सुरू करायचं आणि ऊन चढलं की सावलीत बसायचं, असा नेम. त्या दिवशी भाऊजी गाडी घेऊन गावाजवळच्या वावरात वखर आणायला गेले. "आत्ता येतो," म्हणाले. छागल गाडीलाच लटकलेली. माझ्या तोंडावर आलं होतं, भाऊजी, छागल. पण मी रोज रोज टोकत होते, जाऊ परवाच हसून म्हणाली होती, "बाई, थैली सोडली, आता आम्हालेच खांद्यावर घेतलं काय?" म्हणून गप्प राहिले.

ऊन चढलं. जाऊ आणि मी मोहाखाली आलो. मालक येईनात. "एवढं पातं झालं की येतो," म्हणाले, समोरची ओळ दाखवत. मी त्यांच्याकडे पाहत बसले होते. काही तरी वेगळं दिसत होतं, पण काय ते ध्यानात येईना. मग आलं. त्यांचा सदरा कोरडा होता. आमच्या दोघींची लुगडी घामानं अंगाला चिकटलेली, आणि त्यांचा सदरा पाठीवर कोरडा ठणठणीत, वर मिठाचे पांढरे डाग.

"या ना इकडे!" मी ओरडले.

ते वळले, पण माझ्याकडे नाही. दुसरीकडे पाहून चिडून म्हणाले, "कोण बोलावून राह्यलं मले? थांब ना जरा!"

तिकडे कोणी नव्हतं.

मी धावले. धसकटं पायात घुसत होती, ते नंतर कळलं. जवळ पोचले तोवर त्यांचे गुडघे वाकले होते. समोर जळून गेलेल्या ढिगाची गरम राख होती, तिच्यावर पडले असते. मी दोन्ही हातांनी कवळ घातली. डाव्या खांद्यातून अशी कळ निघाली की डोळ्यांपुढे अंधार. पण सोडलं नाही. जाऊ आली, आम्ही दोघींनी ओढत ओढत मोहाखाली आणलं. त्याच मोहाखाली. अंग असं तापलेलं, हात लावला तर चटका. डोळे अर्धे उघडे, बोलणं नाही.

"पाणी," मी म्हटलं. पाणी नव्हतं.

जावेनं बाटली पुढे केली. माणूस पिण्याच्या अवस्थेत नव्हता, घशात ओतलं असतं तर गुदमरला असता.  मग तिनं बूच उडवलं आणि अख्खं पन्हं त्यांच्या डोक्यावर ओतलं. कैरीचं, गुळाचं चिकट पन्हं. मी पदरानं वारा घालत होते, ती ओल्या पट्टीनं गळा पुसत होती. मनात एकच, हे झाड तेच आहे. घरी आत्याबाई दारात बसल्या असतील.

आणि मग डबक-डबक आवाज आला. भाऊजी धावत येत होते, छागल पाठीवर आपटत होती. गाडी नाही, बैल नाहीत, पायीच. तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला. छागल अर्ध्याहून जास्त भरलेली होती. डोक्यावर, छातीवर, काखेत, हळूहळू ओतत राहिलो. लुगड्याचा पदर फाडून ओला केला, अंगावर टाकला, दोघं दोन बाजूंनी वारा घालत राहिलो.

"गाडी कुठं आहे?" जावेनं विचारलं.

"अर्ध्या वाटेत सोडून देल्ली. समोर छागल लटकताना दिसली ना वो. मनात आलं, हे तं माह्याजवळ आहे, मंग तठी काय आहे? पाय पुढं जाईच ना." भाऊजी रडत होते की घाम होता, काही कळत नव्हतं.

बऱ्याच वेळानं मालकांनी डोळे नीट उघडले. माझ्याकडे पाहिलं, ओळखलं. हात डोक्याकडे नेला. "हे चिकट काय आहे?"

"पन्हं."

"पन्हं डोक्यात काऊन घातलं?"

"तोंड उघडलं असतं तं तोंडात घातलं असतं," जाऊ म्हणाली, आणि मग तीच हुंदके देऊन रडायला लागली.

ऊन कलल्यावर भाऊजींनी गाडी आणली. आम्ही त्यांना निजवून घरी आणलं. आत्याबाई दारातच होत्या. गाडीचा आवाज नेहमीपेक्षा हळू येतो आहे हे त्यांच्या कानांना कळलं असणार. मुलाच्या अंगावर हात फिरवून पाहिला, कपाळ पाहिलं, मग माझ्याकडे तोंड केलं.

"काय लागलं?"

"ऊन लागलं, आत्याबाई."

"थे समजलं. कामाले काय लागलं?"

"पाणी लागलं. पन्हं लागलं. पट्ट्या लागल्या."

"अन्?"

 मी इतकी थकले होते की उभ्या जागी झोपले असते. जाऊ मागून म्हणाली, "बाईचे हात लागले. यायनं धरलं नसतं तं राखेतच पडले असते."

आत्याबाई पुढे आल्या. माझा डावा हात चाचपत वर नेला. खांद्याशी सूज होती. तिथंच हात ठेवून उभ्या राहिल्या.

दोन-तीन दिवस मालक घरात निजून होते. मग आम्ही पुन्हा वावरात निघालो तेव्हाची सकाळ मला जास्त आठवते. अंगणात आले तर खुंटीवरची थैली खाली आलेली. भाऊजी छागल हातात धरून उभे. माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "वयनी, हे तूच ठेव. माह्या भरोशावर नोको. त्या दिवशी गाडीलेच राह्यली होती."

जावेनं बाटली पुढे केली. "अन् हेही." मालकांनी टोपीतली सुई काढली. आणि आत्याबाई, ज्यांनी स्वतः सगळं वाटून दिलं होतं, त्या दोन्ही हातांत रिकामी थैली उघडी धरून उभ्या होत्या.  नवरा गेला होता, मुलगा जाता जाता राहिला होता. मी कुणाला काय म्हणणार? भीती खरी होती, मलाही होती. माझ्याकडे असती तर छागल गाडीला राहिली नसती, हेही मला माहीत होतं. उजवा खांदा होताच. हात पुढे करायचा, बस. घेतली असती तर सगळे मोकळे झाले असते. मीही झाले असते, त्या रोजच्या टोकण्यातून.

हात पुढे जायला लागलाही होता. पण डावा. सवयीनं डावाच. तो कमरेच्या वर गेला आणि तिथंच अडला.

"खाली ठेवा," मी म्हटलं.

"अवं पण..." मालक म्हणाले.

"खाली ठेवा सारं. सुई हातात देत नसतात."

छागल जमिनीवर आली. बाटली आली. सुई आली. थैलीही आत्याबाईंनी हळूच खाली ठेवली. मी कोणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर वाकले असते. भाकरीचं टोपलं डोक्यावर घेतलं, ते तर मला घ्यायचंच होतं, आणि वाटेला लागले.  घर सुटलं, गावाची शेवटची कवाडं सुटली, टेकाडाचा चढ लागला. माझं अर्धं चित्त मागेच होतं, की आता वळावं, आता वळावं.

मग पाठीमागून, बऱ्याच अंतरावरून, छागलीतलं पाणी डुचमळल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं नाही.